शोधून काढणाऱ्या माणसाला त्याचं क्रियापद द्या: मुंबईतल्या मराठी बातम्या लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

हे पत्र मुंबईतल्या मराठी चॅनेलच्या, पेपरच्या आणि न्यूज पोर्टलच्या डेस्कवर बसून बातम्या लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि हेडिंग देणाऱ्या सगळ्यांना आहे. रिपोर्टरनाही आहे, पण जास्त करून डेस्कला, कारण फील्डवरून कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, कशीही आली तरी वाचकाच्या समोर जे वाक्य जातं ते तुमच्या हातून जातं. मी गिरगावात बरीच वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलंय, पुस्तकांचं, मासिकांचं, मधे काही काळ एका दैनिकाचंही, त्यामुळे पान सोडायच्या वेळेची घाई काय असते ते मला माहीत आहे, आणि आता तर पान सुटतच नाही, दिवसभर चालूच असतं. तरीपण एक मागणं आहे आणि ते मनापासून आहे म्हणून लिहितेय.

'समोर आलं' लिहिणं थांबवा. निदान जिथे कोणीतरी मर मर मरून काहीतरी शोधून काढलंय तिथे तरी थांबवा.

कुठलाही दिवस घ्या. धक्कादायक माहिती समोर, प्रकार उघडकीस, बाब निदर्शनास आली, असं निष्पन्न झालं, असल्याचं स्पष्ट झालं. ही वाक्यं एकदा मोठ्याने वाचून बघा, एकाही वाक्यात माणूस नाहीये. माहिती जणू आपण होऊन चालत आली आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. असं कधी होत नाही हो. कोणीतरी फाइल मागितलेली असते, कोणीतरी दोन रजिस्टरं शेजारी शेजारी ठेवून नोंदी जुळवलेल्या असतात, कोणीतरी घरोघर जाऊन तोच प्रश्न परत परत विचारलेला असतो, आणि त्यातून ती 'बाब' बाहेर काढलेली असते. ज्याने काढली तो वाक्यातून गेला, कशी काढली ते गेलं, उरलं फक्त 'धक्कादायक'.

आणि हे मराठीला जमत नाही असं अजिबात नाहीये, कारण तुमच्याच क्राइमच्या पानावर ते रोज नीट जमतं. गुन्हे शाखेने छडा लावला. पोलिसांनी आरोपीचा माग काढला. सीसीटीव्ही फुटेज तपासून रिक्षावाल्याला हुडकून काढलं आणि विसरलेली दागिन्यांची बॅग परत केली. बघा, या वाक्यांत कर्ता आहे, त्याने केलेलं काम आहे, आणि बरेचदा ते कसं केलं तेही आहे. पोलिसांना क्रियापद मिळतं. मग पाण्याच्या लाइनीवरच्या कामगाराला, ऑडिट करणाऱ्या क्लार्कला, माहिती अधिकाराचा अर्ज टाकणाऱ्या निवृत्त माणसाला, लॅबमध्ये नमुना तपासणाऱ्या मुलीला का मिळत नाही? मला वाटतं कारण साधं आहे. पोलिसांची प्रेस नोट येते आणि तिच्यात कुठल्या पथकाने कोणाच्या मार्गदर्शनाखाली काय केलं ते लिहिलेलं असतं, ते तसंच कॉपीत उतरतं. बाकीच्यांची प्रेस नोट नसते. तेव्हा कर्ता शोधायचं काम तुमच्यावर येतं, आणि तेवढा वेळ नसला की 'समोर आलं'.

आमच्या लालबागचंच सांगते. आमच्या आणि मागच्या चाळीत जुलाब-उलट्यांच्या केसेस वाढल्या, आधी लहान मुलं, मग मोठी माणसं. सगळ्यांनी आपापले अंदाज लावले, कोणी वडापावच्या गाडीवर ढकललं, कोणी पावसावर. पालिकेचे कामगार आले ते हातात छोटी बाटली घेऊन. नळाचं पाणी त्या बाटलीत घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. आमच्याकडे पिवळं झालं. शेजारच्या खोलीत झालं. मागच्या चाळीत तळमजल्यावर झालं, पण कोपऱ्याच्या खोल्यांत पाणी तसंच पांढरं राहिलं, थेंब टाकून हलवलं तरी पांढरंच. त्यांच्यातल्या एका वयस्कर माणसाने, ज्याला बाकीचे नुसतं मामा म्हणत होते, खिशातल्या वहीच्या पानावर नळ मांडले, कुठला पिवळा कुठला पांढरा, आणि पांढरे सगळे एकाच कनेक्शनवरचे निघाले. म्हणजे पालिकेच्या मोठ्या पाइपात काही नाही, बिघाड त्या एका लाइनीत आहे, चाळीच्याच जुन्या लाइनीत.

पण लाइन जमिनीखाली. उकरायचं कुठे? दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी सुटायच्या वेळेला तेच मामा लोखंडी सळई घेऊन आले, साउंडिंग रॉड म्हणतात तिला, एक टोक पाइपावर किंवा जमिनीवर टेकवायचं आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. पाण्याला प्रेशर असताना गळतीच्या जागी सूं असा बारीक आवाज येतो आणि तो पकडायला आजूबाजूला शांतता लागते, म्हणून हे काम रात्री नाहीतर पहाटे. गॅलरीत आम्ही बायका उभ्या होतो, कोणीतरी मिक्सर लावला तर मामांनी वर बघून नुसता हात केला आणि अख्खी चाळ गप्प झाली. दोन पावलं सरकायचं, टेकवायचं, ऐकायचं. गटाराच्या झाकणाजवळ ते थांबले, परत मागे आले, परत तिथेच थांबले, आणि खडूने फुली मारली. तिथे खणलं तर गटारातून गेलेली जुनी जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची लाइन, गंजून चाळण झालेली. पाणी चालू असतं तेव्हा त्या भोकांतून स्वच्छ पाणी बाहेर जातं, आणि पाणी बंद झालं, लाइनीतलं प्रेशर गेलं की गटाराचं पाणी आत ओढलं जातं. मुंबईत दिवसाचे ठरावीक तासच पाणी असल्यामुळे हे रोज होतं. आणि लहान मुलं त्यातलं पहिलं पाणी पितात.

त्या संध्याकाळी एका पोर्टलवर बातमी आली, नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही. 'लालबागमधील आजारपणाचं धक्कादायक कारण समोर.' आत चार ओळी, दूषित पाण्यामुळे आजार पसरल्याचं समोर आलं असून रहिवाशांमध्ये संतापाचं वातावरण आहे. मामा नाहीत, बाटली नाही, सळई नाही, फुली नाही. ज्याला ही बातमी वाचून आपल्या चाळीत काय बघायचं ते कळलं असतं त्याला काहीच कळलं नाही. मला राग आला तो याच्यासाठी. मामांचं कौतुक व्हायला हवं होतं हे तर आहेच, पण ते कसं शोधलं हीच तर मुळात बातमी होती, परळ-शिवडीपासून भायखळ्यापर्यंत तशाच जुन्या लाइनींच्या कितीतरी चाळी आहेत.

याच मुंबईचा जुना दाखला देते. सप्टेंबर १८९६, मांडवी. ताप, काखेत-जांघेत गाठी आणि पटापट मरणारी माणसं. हा ब्यूबॉनिक प्लेग आहे हे ओळखून ठामपणे सांगितलं ते डॉ. अकासियो व्हिएगस यांनी, मूळचे गोव्याचे. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, आपण सगळे त्याच्यासमोरून जातो. तेव्हा मुंबई म्हणजे व्यापाराचं बंदर, प्लेग हा शब्द उच्चारणं म्हणजे जहाजं अडकणार, माल अडकणार, त्यामुळे असं काही नकोच असं वाटणारे पुष्कळ होते, आणि तरी त्यांनी सांगितलं. मग हाफकीन नावाचे शास्त्रज्ञ आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. तरीही प्लेग नेमका पसरतो कसा ते ठरायचं होतं. सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं, बऱ्याच जणांनी ते मानलं नाही. पुढे मुंबईत लिस्टन नावाच्या डॉक्टरने काय केलं बघा, जिथे उंदीर मेले आणि माणसं आजारी पडली अशा चाळीत त्याने गिनीपिग सोडले, नंतर त्यांच्या अंगावरच्या पिसवा वेचून तपासल्या, आणि त्यात उंदरांवरच्या पिसवा निघाल्या. उंदीर मेला की त्याची पिसू दुसरं अंग शोधते, ते गिनीपिगचं असेल नाहीतर माणसाचं. हे त्याने १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं. आता ही गोष्ट 'प्लेग पिसवांमुळे पसरत असल्याचं समोर आलं' एवढ्यात लिहिता येते का? येते. पण तसं लिहिलं तर चाळीत बसून पिसवा वेचणारा माणूस पुसला जातो, आणि त्याच्याबरोबर हे शहर कसं वाचलं तेही पुसलं जातं.

१९९२ चा शेअर घोटाळाही घ्या. २३ एप्रिल १९९२ ला पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी आली. तिच्यामागे कागद होते, एका बँकेच्या सरकारी रोख्यांच्या नोंदी आणि प्रत्यक्ष रोखे यांचा ताळमेळ बसत नव्हता, बँक रिसीट नावाच्या पावत्यांवर पैसे फिरत होते आणि पावतीमागे रोखे असतीलच असं नव्हतं. ताळमेळ बसत नाही हे कोणाला तरी दिसलं, कोणीतरी बोललं, कोणीतरी ते पडताळून छापलं. तुमच्याच धंद्यातलं उदाहरण आहे म्हणून मुद्दाम दिलं. स्वतःचं काम असलं की पेपरवाले 'आमच्या प्रतिनिधीने उघड केलं' असं अगदी बरोबर लिहितात, कर्ता जागेवर असतो. तेवढंच दुसऱ्याच्या कामाला द्या.

आता थोडं शब्दांबद्दल, कारण माझं आयुष्य त्यातच गेलं आणि तुमचंही तेच हत्यार आहे. आपल्याकडे या एका कामाला इतकी क्रियापदं आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. सापडणं आणि गवसणं आपोआपही होतं, रस्त्यात नाणं सापडतं. हुडकणं आपोआप होत नाही, त्याला हुडकणारा लागतो, घाटावरची माणसं रोज बोलतात, गिरणगावात तर हा शब्द आजही जिवंत आहे, 'नीट हुडक, तिथंच असंल.' माग काढणं म्हणजे एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर जाणं, मामांनी पांढऱ्या नळांवरून लाइन काढली तो माग. पडताळणं म्हणजे एक गोष्ट दुसरीशेजारी ठेवून बघणं. शहानिशा म्हणजे ऐकीव गोष्ट खरी की खोटी ते ठरवणं. छडा लावणं म्हणजे शेवटपर्यंत जाणं, मधे सोडलं तर छडा लागला असं म्हणता येत नाही. आणि धांडोळणं, हा आता जवळजवळ गेलाच, 'धांडोळा घेतला' एवढं कधीतरी लेखाच्या शीर्षकात दिसतं. धांडोळणं म्हणजे काही न सोडता सगळं उलटंपालटं करून बघणं. एखादी बाई माहिती अधिकारात फाइल बघायला जाते, कारण कायद्यात कागदाची नुसती प्रत मागण्याचाच नाही तर फाइल प्रत्यक्ष बसून बघण्याचाही हक्क आहे, आणि ऑफिसात बसून पानन् पान बघते, टिपणी, शेरे, जावक क्रमांक, आणि एक पान मधेच नाहीये हे तिला कळतं. तिने फाइल धांडोळली. याला 'आरटीआयमधून उघड' लिहिता तुम्ही. आरटीआय हा कायदा आहे, २००५ पासून देशभर आहे, महाराष्ट्रात तर त्याच्या आधीपासून होता, पण कायदा स्वतः जाऊन फाइल वाचत नाही.

इंग्रजीतही असं एक आडवळणी क्रियापद आहे, 'एक्सपिस्केट', लॅटिनमधल्या मासा या अर्थाच्या शब्दावरून आलेलं, स्कॉटलंडकडे जास्त वापरलं गेलं, अर्थ बारकाईने चौकशी करून खोलातलं बाहेर काढणं, मासा काढावा तसं. तिथेही ते आता कोणी बोलत नाही. पण आपल्याला लॅटिनपर्यंत जायची गरज नाही, आपल्या घरात त्याहून जुनं पडलंय. ज्ञानेश्वरीत 'गिंवसणें' येतं, शोधणं, धुंडाळणं या अर्थाने. आणि हे शब्द नुसते पंडितांसाठी होते असं कोणी म्हणू नये. मराठी पत्रकारितेची सुरुवात ज्यांनी केली ते बाळशास्त्री जांभेकर, ज्यांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला याच मुंबईत निघालं आणि ज्यांच्यासाठी तुम्ही दरवर्षी पत्रकार दिन साजरा करता, त्यांनीच १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून काढली. आणि तेच जांभेकर कोकणातले जुने ताम्रपट, शिलालेख वाचून त्यावर निबंध लिहीत होते. पहिला मराठी संपादक स्वतः अक्षर अक्षर लावून शोध घेणारा माणूस होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

गिंवसणं परत आणा असं माझं म्हणणं नाही, ते आता कोणाला कळणार नाही आणि बातमी कळली पाहिजे हे पहिलं. पण हुडकलं, माग काढला, छडा लावला, पडताळून पाहिलं, खणून काढलं हे तर प्रत्येकाला कळतं. रिक्षात बसलेल्यालाही कळतं.

तुम्ही म्हणाल हेडिंगमध्ये जागा नसते. 'पाण्याचं कारण समोर' आणि 'कामगारांनी शोधली गळती', मोजून बघा, दोन्ही एका ओळीत बसतात. तुम्ही म्हणाल कधीकधी नाव देता येत नाही, आतल्या माणसाने माहिती दिलेली असते आणि त्याची नोकरी जाईल. अगदी मान्य, तिथे नाव देऊच नका, हुद्दाही देऊ नका, माणूस सुरक्षित राहिला पाहिजे हे बातमीच्याही आधी. पण कागद कुठला होता, तो कशाशी ताडून बघितला, तेवढं तरी नाव न घेता सांगता येतं. आणि ज्यांनी उघडपणे काम केलंय, ज्यांना लपायचं कारण नाही, त्यांना कशासाठी लपवायचं?

आणखी एक गोष्ट, आणि मला ती सगळ्यात जास्त खुपते. 'समोर आलं' लिहायची सवय लागली की काहीच शोधलेलं नसतं तेव्हाही तेच लिहिलं जातं. कोणीतरी पत्रकार परिषदेत आरोप केला, समोर आलं. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ फिरला, समोर आलं. कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबने नमुने तपासून अहवाल दिला, तेही समोर आलं. वाचकाने या तिन्हीतला फरक कसा ओळखायचा? आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्या माणसांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे मोबाइलवर बातम्या वाचतात, हेडिंग वाचून पुढे ढकलतात, आणि नुसता आरोप झालेला माणूस त्यांच्या मनात दोषी होऊन बसतो. 'आरोप केला' लिहा, 'दावा केला' लिहा, 'तपासून पाहिलं' लिहा, तिन्ही शब्द मराठीत आहेत आणि तिन्हींचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. जिथे कर्ता लिहायला बसलात आणि कर्ता सापडतच नाहीये, तिथे एकदा थांबा, कारण बहुतेक वेळा अजून कोणी शोधलेलंच नसतं, आणि मग ती बातमी कच्ची आहे.

म्हणून माझं मागणं नेमकं असं आहे. तुमच्या डेस्कची जी काही शैलीची नियमावली असेल, भिंतीवर चिकटवलेली असो नाहीतर ग्रुपवर पिन केलेली, तिच्यात एक ओळ घाला, 'समोर आलं, उघडकीस आलं, निष्पन्न झालं लिहायच्या आधी विचारा: कोणी, कशातून, कसं.' रिपोर्टरला फोन लावून हे तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. नवीन पोरं-पोरी डेस्कवर येतात, मराठी शाळेत शिकलेली असोत नसोत, फार हुशार असतात, मी त्यांच्यातल्या काहींबरोबर काम केलंय, त्यांना पहिल्या आठवड्यात 'समोर आलं'चा साचा मिळाला तर ती आयुष्यभर तोच वापरणार आणि छडा, माग, शहानिशा, पडताळा मिळाले तर तेच वापरणार. जे शिकवाल ते.

आणि ज्यांनी चार ओळींत आमच्या चाळीची बातमी संपवली त्यांना विशेष विनंती, अजूनही एक बातमी करता येईल. पावसाळ्याच्या आधी चाळकऱ्यांनी आपली लाइन गटारातून जाते का ते कसं बघावं, सकाळी पहिलं पाणी येतं तेव्हा त्याला वास येतो का, रंग येतो का, क्लोरीनची टेस्ट कशी करतात, तक्रार वॉर्ड ऑफिसात कुठल्या खात्याकडे करायची. हे सगळं त्या कामगारांना तोंडपाठ आहे. ते पहाटे कामावर असतात, एक रिपोर्टर पाठवा, कॅमेरा नसला तरी चालेल, कान लावून काम चाललेलं असतं त्यामुळे फक्त आवाज करू नका म्हणावं. कॉपी तयार झाली की शुद्धलेखन बघून द्यायला मी आहे, पैसे नकोत.

आपली,
लालबागची एक वाचक, निवृत्त मुद्रितशोधक